मोकळ्या गाईंचा पंचनामा

पुराच्या पाचव्या दिवशी आमच्या गोठ्याचा पंचनामा झाला आणि मृत जनावरांच्या रकान्यात तलाठी भाऊसाहेबांनी 'निरंक' असं लिहिलं. मी दहावी पास आहे, पण हा शब्द मला नवा होता. विचारलं, तर म्हणाले, "निरंक म्हंजे काही न्हाई." आमच्या पाच गाई गेल्या होत्या. चार दुधावरच्या आणि एक सात महिन्यांची गाभण. डोळ्यांदेखत गेल्या आणि कागदावर काही नाही! माझं डोकंच फिरलं. मी म्हणाले, "भाऊसाहेब, मग हे पाच खुंटे काय आमी हौसेनं ठोकलेत का?" ते हसले नाहीत. चार दिवस मेलेली जनावरंच पाहत फिरत होते बिचारे, कपड्यांना तो वास बसला होता. "वहिनी, मेलेलं जनावर दाखवा, आत्ता लिहितो," एवढंच म्हणाले.

नेमकं तेच आमच्याकडे नव्हतं. बांधापलीकडे चुलत दिरांचा गोठा आहे. त्यांच्या सात गाई दावणीलाच बुडाल्या. जनावरांच्या डॉक्टरांनी नाकाला रुमाल बांधून एकेकीच्या कानातला पिवळा बिल्ला पुसला, नंबर वाचला, मोबाईलवर फोटो काढला. सगळं नियमाप्रमाणे पार पडलं. जाऊबाई धाय मोकलून रडत होत्या आणि ते रडणं खरं होतं. पण लाज सोडून सांगते, मला त्या वेळी त्यांचा हेवा वाटला. शेजारणीच्या मेलेल्या गाईंचा हेवा वाटावा, अशी वेळ आमच्यावर आली होती.

आमच्या गाई दावणीला नव्हत्या, कारण सासूबाईंनी त्या स्वतःच्या हातानं मोकळ्या केल्या होत्या.

आमची वस्ती नेवाशाच्या खाली, ओढा प्रवरेला मिळतो त्याच्या जरा अलीकडे. पावसाळ्यात आमचं लक्ष नदीवर असतं. कोल्हारच्या पुलाला पाणी लागलं की आपल्याकडे किती वेळात येणार, हे इथल्या म्हाताऱ्यांना बोटांवर पाठ. पण त्या दिवशी नदीचा निरोप यायच्या आधी ओढाच आला. वर कुठेतरी अतोनात पाऊस झाला होता, आणि नदी आधीच तुडुंब, ती ओढ्याचं पाणी पोटात घेईना. ते सगळं माघारी फिरलं ते आमच्या वावरात. पहाटे धारांना उठले तर अंगणात घोटाभर पाणी. बादली ठेवून परत आले तोवर गुडघ्याला लागलं. आमचे हे सुप्याच्या एमआयडीसीत कामाला असतात, आठवड्यातून एकदा येतात. घरात आम्ही दोघीच होतो.

मी ओरडत होते, "आत्याबाई, स्लॅबवर चला." सासूबाई गोठ्यात. दाव्यांच्या गाठी पाण्यानं फुगून आवळल्या होत्या, सुटेनात. त्यांनी वळचणीत खोचलेला विळा काढला आणि एकेक दावं कापत सुटल्या. सत्तरी ओलांडलेली बाई, कमरेएवढ्या पाण्यात. मी म्हणाले, "वाहून जातील त्या! बांधलेल्या तरी जागेवर राहतील." त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "जाऊ दे. जगल्या तर जगतील. दाव्यावर न्हाई मरायच्या माझ्या गाई." गाभण गाय पोटानं जड, ती जागची हलेना. तिच्या पाठीवर थाप मारून त्यांनी तिला पाण्यात लोटलं. मग मी त्यांना काखेत धरून जिन्यानं वर ओढलं. वरून आम्हाला गाईंच्या माना थोडा वेळ दिसत होत्या, पुढे उसाच्या आड गेल्या.

दाव्यावर मरणं म्हणजे काय, हे मला त्यांनी पूर्वी कधीतरी सांगितलं होतं. त्यांच्या माहेरी एका म्हाताऱ्याची गाय दाव्याचा फास बसून मेली. बांधलेली गाय मेली तर तिची हत्या बांधणाऱ्याच्या माथी, अशी त्या काळची समजूत. त्या म्हाताऱ्यानं तेच दावं स्वतःच्या गळ्यात घातलं आणि पाच घरं भीक मागितली. तोंडातून शब्द काढायचा नाही, फक्त गाईसारखं हंबरायचं. सासूबाई तेव्हा परकरी पोर होत्या. त्यांच्या आईनं त्या म्हाताऱ्याच्या झोळीत भाकरी टाकली आणि दार लावून घेतलं. तो आवाज त्यांच्या कानातून कधी गेला नाही. आमच्या गोठ्यात रोज संध्याकाळी गाठी मीच मारायची, पण झोपायच्या आधी त्या बॅटरी घेऊन जायच्या आणि प्रत्येक गाठीत बोट घालून बघायच्या, गळ्याला काचत तर नाही ना. मला तेव्हा राग यायचा. माझ्या कामावर देखरेख कशाला, असं वाटायचं.

आता त्यांनी पुढे जो घोळ घातला तो सांगते. आमच्याकडे जनावर विकलं तरी दावं देत नाहीत. दावं घरात ठेवायचं, म्हणजे गोठ्याची लक्ष्मी दाव्यामागं परत येते. पाणी उतरलं तसं सासूबाईंनी चिखलातून ती कापलेली दावी हुडकली, धुतली आणि माजघरातल्या खुंटीला ओळीनं अडकवली. गाई परत याव्यात म्हणून. भाऊसाहेब पाणी प्यायला आत आले आणि त्यांची नजर नेमकी तिकडे गेली. म्हणाले, "मावशी, दावी घरात हायेत आन् गाई न्हाईत. पुराच्या आधीच बाजार तर दाखवला न्हाई ना?" सासूबाईंना वाक्याचा अर्थच लागला नाही. मला लागला. चुलत दीर दारातच उभे होते. आमच्या गोठ्यातलं दूध रोज त्यांच्याच मोटरसायकलवर डेअरीला जायचं, आदल्या संध्याकाळीसुद्धा गेलं होतं. एक शब्द बोलले असते तरी पुरे होतं. पण त्यांच्या स्वतःच्या सात फोटोंचं प्रकरण अजून वर जायचं होतं, साहेबाला कशाला दुखवा. ते जमिनीकडे बघत राहिले. ते मी अजून विसरलेली नाही आणि विसरणारही नाही.

हे शनिवारी आले. गोठ्यात एक चक्कर मारली आणि ओट्यावर बसून म्हणाले, "मदत आली तर बघू. एखादी गाय घेऊ, तुमी दोघी राहा हितं. न्हाई आली तर घराला कुलूप लावायचं आन् सुप्याला चलायचं. खोली हाय माझी." खोली म्हणजे पत्र्याची, दहा बाय दहा, बाहेर सामायिक नळ. आम्हा नवराबायकोला ती चालली असती. सासूबाई म्हणाल्या, "तुमी जा. मी हितंच ऱ्हाते." चिखलानं भिंती ओल्या, चुलीत पाणी, गोठा रिकामा, आणि ही बाई एकटी राहणार! यांना चीड आली, ते उठून ओढ्याकडे गेले. मी रात्रभर, म्हणजे झोप लागेपर्यंत, एकच विचार करत होते. एका तरी गाईचा कान हाती लागला पाहिजे. कान सापडला तर बिल्ला, बिल्ला असेल तर पंचनामा, पंचनाम्यावर मदत, मदतीतून गाय, आणि गाय असली तरच सासूबाईंचं घर. एवढी साखळी एका कानाला लटकलेली होती.

स्कुटीवर सासूबाईंना मागे बसवून मी तीन दिवस नदीच्या कडेनं खाली खाली गेले. प्रत्येक गावात तेच. ग्रामपंचायतीनं जेसीबी लावून खड्डा काढलेला, वाहून आलेली सगळी जनावरं एकत्र ढकललेली, वरून चुना. "काळीबांडी होस्टन गाय, डावं शिंग मोडलेलं, गाभण," मी विचारायची आणि लोक मान हलवायचे. एकानं तर सांगितलं, "बाई, आमी जनावरं पुरली, त्यांचे चेहरे न्हाई बघितले." चौथ्या दिवशी आमच्या डेअरीच्या ग्रुपवर पाणी ओसरतानाचा एक फोटो आला. उसाच्या कडेच्या तारेत अडकलेली गाय, मोडकं शिंग स्पष्ट दिसत होतं. आम्ही तशाच निघालो.

तो ऊस एका ख्रिस्ती बाईचा निघाला. निवृत्त शाळाबाई, नवऱ्यामागं एकट्या शेती बघणाऱ्या. आम्ही कोण ते सांगितल्यावर त्यांनी आधी पाणी दिलं, मग आम्हाला लिंबाखाली नेलं. ताज्या मातीचा उंचवटा होता, वर झेंडूची फुलं सुकलेली. म्हणाल्या, "खड्ड्यात टाकू दिली न्हाई मी तिला. गाभण होती. गळ्यात पोळ्याचा लाल गोंडा होता, कुनीतरी हौसेनं बांधलेला. आमच्यात अशी पद्धत न्हाई, पन तुमच्यात करत्यात ते ठावं होतं. माझं एक लुगडं पांघरलं, नारळ ठेवला, मीठ टाकलं. आन् मग आमची प्रार्थना म्हटली." सासूबाईंनी त्यांचे पाय धरले. शाळाबाई मागे सरकत म्हणाल्या, "अहो, उठा, काय करता?" मीही रडले. पण रडता रडता माझ्या मनात एकच होतं, हे सगळं आता उकरावं लागणार.

डॉक्टरांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं की नुसता बिल्ला आणून चालणार नाही, बिल्ला कानात असतानाचा फोटो लागेल. नियम बरोबर होता. नाहीतर जो तो जिवंत गाईचा बिल्ला कापून आणेल. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर आणि आमचे भाऊसाहेब दोघंही आले, तेवढी माणुसकी त्यांनी दाखवली. शाळाबाईंच्या गड्यानं माती काढली. आधी लुगड्याची किनार आली, मग शिंग. वास असा उठला की गडी कुदळ टाकून पळाला. मी तोंडाला पदर लावून उभी, आणि सासूबाई चप्पल काढून खाली उतरल्या. पदरानं त्यांनी तो कान पुसला, पुसला कसला, त्याला हात लावताच कातडी हातात आली. पण बिल्ला होता. मी बारा आकडे मोठ्यानं वाचले. लसीकरणाच्या वेळचा फोटो माझ्या मोबाईलमध्ये होता, त्याच्याशी डॉक्टरांनी ते जुळवले. जुळले! मला आनंद झाला. त्या खड्ड्याच्या काठावर उभं राहून मला खरोखर आनंद झाला, हे लिहिताना आज माझीच मला किळस येते. सासूबाईंनी गाईवरचं लुगडं पुन्हा नीट ओढलं आणि वर येताना म्हणाल्या, "झालं ना गं तुझं काम?"

काम झालं नव्हतं. दोन दिवसांनी भाऊसाहेबांनी कार्यालयात जबाबाला बोलावलं. माणूस वाईट नव्हता, हे मी पुन्हा सांगते. त्यांनी दार लोटून घेतलं, आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या आणि म्हणाले, "मावशी, एक अडचन हाय. गाय सापडली दुसऱ्या गावात. दावं कापून सोडली असं लिवलं तर वरती ती मोकाटात धरत्यात, नायतर मालकाचा हलगर्जीपना म्हनून तिरुटी काढत्यात. फाईल परत येती. म्हनून मी असं लिवलंय, ऐका." आणि त्यांनी वाचलं. सदर गाय गोठ्यात दावणीस बांधलेली असताना पुराच्या पाण्यात बुडून मृत झाली व तदनंतर पाण्याच्या दाबाने दावे तुटून वाहून गेली. खाली सासूबाईंचं नाव आणि अंगठ्याची जागा.

सासूबाईंनी ते पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "ह्ये खोटं हाय. बांधलेली न्हवती. म्या सोडली तिला, ईळ्यानं."

"मावशी, ते मला ठावं हाय. नुसता कागद हाय ह्यो."

"कागदच असला तर मग खरं लिवा की. बुडून मरंपतुर मी तिला दाव्याला ठिवली, असं लिवून देऊ? माझ्या हातानं? ही हत्या हाय, भाऊसाहेब. माझ्या माथी नका मारू."

भाऊसाहेब माझ्याकडे बघायला लागले. बाहेर लोकांची रांग होती, कोणीतरी दार वाजवत होतं, आणि याद्या त्याच दिवशी संध्याकाळी तालुक्याला जायच्या होत्या. मी आधी गोड बोलले. "आत्याबाई, देवाला खरं माहीत हाय ना? मग कागदाला खोटं सांगितलं तर काय बिघडलं?" त्या म्हणाल्या, "देवाला ठावं हाय म्हनून तर भ्या वाटतं." मग मी चिडले. नको नको ते बोलले. म्हणाले, "तुमी पाच गाई सोडल्या म्हनून आज ही पाळी. शेजारच्यांनी बांधून ठेवल्या, त्यांना मिळालं. तुमच्या पुण्याईवर आमी काय खायचं? आन् एकट्या राहनार म्हनता वस्तीवर, पडला झडला तर कोन बघनार? माझ्या जिवाला घोर लावून मी सुप्याला झोपू का?" त्यांनी नुसती मूठ आवळून मांडीवर ठेवली होती.

मी ती मूठ उघडली. एकेक बोट सोडवलं, अंगठा शाईच्या पॅडवर टेकवला आणि कागदावर दाबला. त्यांनी हात ओढून घेतला नाही. ओढला असता तर मी थांबले असते, असं मी स्वतःला सांगत असते. पण खरं सांगायचं तर थांबले नसते. हात अगदी गार होता. भाऊसाहेब तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत होते. नंतर त्यांनी शाई पुसायला चिंधी दिली, ती सासूबाईंनी घेतली नाही.

मदत आली. दिवाळी होऊन गेल्यावर खात्यात जमा झाली, एका गाईची. बाकीच्या चार निरंकच राहिल्या. यांनी थोडी भर घातली आणि घोडेगावच्या बाजारातून दुसऱ्या वेताची एक जर्शी आणली. गरीब आहे, दुधालाही बरी आहे. घराला कुलूप लागलं नाही. हे पुन्हा आठवड्याला येतात, मी धारा काढते, सासूबाई ओट्यावर बसतात. गोठ्यात मात्र त्या येत नाहीत. रात्री गाठी बघायलाही येत नाहीत. मी पहिल्या आठवड्यात मुद्दाम हाक मारली, "आत्याबाई, गाठ बघा बरं, काचती का?" त्या म्हणाल्या, "तूच बघ."

मागच्या महिन्यात त्यांची मामेबहीण भेटायला आली होती. चहा घेताना तिनं सहज विचारलं, "तुमच्या गाई कशा गं गेल्या?" मी चुलीपाशी होते. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "बांधलेल्या हुत्या. पानी आलं तवा मला सोडायचं सुचलंच न्हाई."

माझ्या हातातलं पातेलं तिथंच राहिलं. मी बाहेर येऊन म्हणाले, "मावशी, न्हाई, आत्याबाईंनी सोडल्या! कमरेएवढ्या पान्यात उभं राहून पाचही दावी कापली यांनी, मी बघितलंय. तो कागद खोटा हाय. तो अंगठा माझ्या हातानं दाबलाय मी."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, लहान पोराची समजूत घालताना बघतात तसं. बहिणीला म्हणाल्या, "लई चांगली हाय माझी सून. माझं पाप सोताच्या अंगावर घेती." मग त्यांनी चहाचा कप माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "तू कशाला दाबशील गं पोरी? हात माझा, अंगठा माझा. म्याच लावला."